तारीख पुढे गेली, आता काय?

"मॅडम, बायपास पुन्हा पुढे ढकलली. तोवर काही झालं तर?" मी समुपदेशक; महिन्यातून चार-पाच जण तरी मला हे विचारतात. त्यांच्यासाठी काकांची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

काका एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. तीन ब्लॉक. पहिली तारीख साखर वाढल्यामुळे गेली. दुसऱ्यांदा तातडीचा पेशंट आला आणि आयसीयूत बेड उरला नाही. तेव्हा तर आदल्या रात्री छातीवरचे, पायांवरचे केस काढून झाले होते. माझ्यासमोर बसले तेव्हा ते केस पुन्हा उगवत होते. बोलताना हात सारखा शर्टाच्या आत जायचा, खाजवायला. घरी पिशवी भरलेलीच. काकूंशी बोलणं जवळपास बंद.

पहिल्या दोन भेटी मी धीर देण्यात घालवल्या. चुकलंच. तिसऱ्या भेटीत विचारलं, "तुमच्या आधी जो आत गेला, त्याच्याबद्दल काय वाटलं?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "वाटलं, हा गेला तर बेड मोकळा होईल. असला विचार करणाऱ्याला देव तारीख कशाला देईल?"

आम्ही सगळे त्यांची भीती घालवत बसलो होतो आणि हा माणूस मनातल्या मनात शिक्षा भोगत होता!

मी म्हटलं, "काका, इतकी वर्षं गाडी चालवलीत. आडव्या येणाऱ्या रिक्षावाल्यांना मनात काय काय म्हणालात? त्यातल्या किती जणांना उडवलंत?"

ते हसले. पहिल्यांदाच. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या वाटेने जाणारी. तारीख चुकणं आपल्या हातात नाही, तिचा लावलेला अर्थ मात्र तपासता येतो. पण तो अर्थ नेमका कुठे दडलाय हे पुस्तक सांगत नाही, तिथे अनुभवच लागतो.

आता कामाचं. तारीख हलली की कारण स्पष्ट विचारा. ऑपरेशनसाठी बंद केलेली रक्त पातळ करणारी गोळी पुन्हा सुरू करायची का, हेही विचारा; नेमकं हेच राहून जातं. चालायचं किती, तेही डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. त्रास वाढला तर लगेच कळवा, कारण तातडी पाहूनच क्रम बदलतो. छातीतलं दुखणं जिभेखालच्या गोळीने थांबलं नाही, तर 108 ला फोन करा. आणि घरच्यांनी "काही होत नाही हो" म्हणण्यापेक्षा "राग कुणाचा येतोय?" असं विचारून पाहावं.

काकांना तिसरी तारीख अजून मिळालेली नाही. परवा म्हणाले, "पिशवीतला टॉवेल बाहेर काढला, मॅडम. रोज लागतो."