सोमवारची रजा

पत्र (थोडक्यात): मावशी, घटस्फोटानंतर दादाच्या घरी राहायला येऊन आठ वर्षं झाली. आधी मी आणि लेक आई-बाबांच्या खोलीत झोपायचो. दादाचं लग्न झालं, मग हॉलमध्ये आलो. गेल्या वर्षी बाबा गेले, तेव्हापासून आईसोबत स्वयंपाकघरामागच्या खोलीत. लेक सातवीत आहे, अभ्यासाला जिन्यात बसते. वहिनी भांडी आदळते, पाहुण्यांसमोर टोमणे मारते. तिच्याशी कसं वागू? की भाड्याची खोली बघू? सोमवारी दादासोबत सही करायला जायचंय, अर्धी रजा टाकलीय. ते झालं की घरातलं वातावरण निवळेल, असं आई म्हणते.

उत्तर: अगं, वहिनीवर चार पानं लिहिलीस आणि सहीवर एक ओळ! सही कशावर, तेही नाही. बाबांना जाऊन वर्ष होतंय आणि दादा तुला सहीला नेतोय, म्हणजे ते हक्कसोडपत्रच असणार. वहिनीबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही.

घर बाबांनी स्वतःच्या पगारातून बांधलं, मृत्युपत्र केलं नाही, तुम्ही दोघंच भावंडं, आजीही आता नाही, हे तूच लिहिलंयस. मग ते 'दादाचं घर' कसं झालं? 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं ते आईचं, दादाचं आणि तुझं आहे, तिघांना सारखं. पूर्वी त्यात एक मेख होती. भाऊ वाटणीला तयार होईपर्यंत राहत्या घराची वाटणी लेकीला मागता येत नसे. 2005 साली ते कलमच काढून टाकलं.

आठ वर्षांत तू दोनदा गादी उचललीस. कुणाला जागा हवी झाली की सरकायचं, हे तुझ्या अंगवळणी पडलंय. आणि ती पोर! जिन्यावरून कुणी खाली आलं की वही छातीशी धरून भिंतीला चिकटत असेल. माझ्या डोळ्यांसमोरून ती हलत नाही.

भाड्याची खोली जरूर बघ. अकरा महिन्यांचा करार, डिपॉझिट, दर वेळी वाढणारं भाडं हे सोपं नाही, पण लेकीला टेबल मिळेल. खोली सोडल्यानं हिस्सा जात नाही, सही केल्यानं जातो. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र फिरवायला दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं खेटे घालावे लागतात, आणि तेव्हा 'स्वखुशीनं सही केली' हेच तुझ्याविरुद्ध वाचून दाखवतात.

आज रात्री जेवणं झाली की दादाला सांग, "सोमवारी मी येणार नाही." कारण देत बसू नकोस. रजा मात्र राहू दे. त्या अर्ध्या दिवसात तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीत जा. उत्पन्न कितीही असो, बाईला तिथं वकील मोफत मिळतो.

जाताना आईलाही घेऊन जा. सही तिच्याकडूनही मागितलीय का, ते तू लिहिलेलं नाहीस.