'वाजवी भेट' म्हणजे नेमकी किती? मुलांच्या ताब्याबद्दल वाचकांचे प्रश्न

या खेपेच्या पत्रांत घटस्फोट कसा घ्यावा यापेक्षा त्यानंतरचे प्रश्न जास्त आहेत: मूल कोणाकडे, भेट कधी, सही कोणाची. म्हणून हे सदर पूर्ण त्यालाच दिलं आहे. वेगळं सांगितलेलं नसेल तिथे उत्तर हिंदू कायद्यानुसार आहे. पत्रांतली गावं ठेवली आहेत, नावं काढली आहेत.

प्रश्न : मुलगा साडेचार वर्षांचा आहे. दीड वर्षापासून मी त्याला घेऊन माहेरी राहते. सासरचे म्हणतात, 'पाच पुरी होऊ देत, मग कायद्यानंच तो आमचा.' खरं आहे का? (सांगली)

नाही. पण हा समज हवेतून आलेला नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम ६ म्हणतं की पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असावा. लोक त्यावरून परस्पर उलट अर्थ लावतात: पाचनंतर वडिलांकडे. कायद्यात असं कुठेही नाही. पाचव्या वाढदिवसाला आपोआप काहीच घडत नाही. तिथून पुढे कलम १३ आहे, आणि ते मुलाचं हित सगळ्यांत वर ठेवतं. पाचच्या आतल्या मुलाबद्दल तर गोव्यातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये स्पष्ट केलं, की आईनं स्वतःला लायक सिद्ध करायचं नसतं. ती नालायक आहे असं म्हणणाऱ्या वडिलांनी ते दाखवायचं असतं.

दुसरा घोळ पालकत्व आणि ताबा यांचा. पालकत्व म्हणजे मुलाच्या वतीनं सही करण्याचा, त्याची मालमत्ता पाहण्याचा अधिकार. ताबा म्हणजे मूल रात्री कोणाच्या घरी झोपतं. कलम ६ मध्ये नैसर्गिक पालक 'वडील, आणि त्यांच्यानंतर आई' असं लिहिलं आहे. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावे रोखे घेताना पालक म्हणून सही केली, तेव्हा रिझर्व्ह बँकेनं वडिलांची सही मागितली. त्यावर १९९९ मध्ये निकाल आला, की 'त्यांच्यानंतर' म्हणजे फक्त मृत्यूनंतर नव्हे. वडील लक्ष घालत नसतील किंवा दूर असतील तेव्हाही आईच पालक. कायद्याची अक्षरं मात्र तशीच राहिली. विधी आयोगानं २०१५ च्या २५७ व्या अहवालात दोघांना समान दर्जा सुचवला, त्याचं पुढे काही झालं नाही.

तुम्ही काय करायचं? लसीकरणाचं कार्ड, शाळेचा प्रवेश अर्ज, फीच्या पावत्या, पालकसभेच्या सह्या, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या एका फाइलीत लावा. नवरा कसा वाईट आहे यावर दहा पानं लिहिण्यापेक्षा ही फाइल जड भरते. मूल सामान्यतः जिथे राहतं तिथल्या कौटुंबिक न्यायालयात (ते नसेल तर जिल्हा न्यायालयात) १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली अर्ज करा आणि सोबतच कलम १२ खाली अंतरिम (निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता) ताबा मागा. तोवर वडिलांची भेट अडवू नका. अडवलेली भेट पुढे तुमच्याच विरुद्ध वाचून दाखवली जाते.

(मुस्लिम वाचकांसाठी: सुन्नींच्या हनफी कायद्यात मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत ताबा आईकडे असतो. तिथेही न्यायालय हिताची कसोटी लावतंच.)

प्रश्न : सहमतीनं घटस्फोट झाला. कन्सेंट टर्म्समध्ये (दोघांनी सही केलेल्या अटींमध्ये) 'वडिलांना मुलीची वाजवी भेट मिळेल' एवढंच आहे. दर रविवारी काहीतरी निमित्त निघतं: ताप, क्लास, पाहुणे. पोटगी बंद केली तर ताळ्यावर येतील का? (पुणे)

पोटगी बंद करू नका, हे आधी. भेट आणि पोटगी हे दोन वेगळे हिशेब आहेत; एकाची थकबाकी दुसऱ्यात वळती होत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली (हेच जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२५) पोटगीचा आदेश असेल, तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. भेट मागायला गेलेला माणूस थकबाकीदार म्हणून उभा राहिला की त्याची बाजू तिथेच पडते.

खरी चूक 'वाजवी' या शब्दात आहे. सह्या करायच्या दिवशी दोघंही दमलेले असतात, वकिलांना तारीख संपवायची असते, आणि हा शब्द सगळ्यांना सोयीचा वाटतो. पहिल्याच आजारपणात तो फुटतो. अट अशी असायला हवी:

'वडील दर महिन्याच्या पहिल्या व तिसऱ्या शनिवारी सकाळी १० वाजता मुलीला आईच्या सोसायटीच्या गेटवरून घेतील आणि रविवारी संध्याकाळी ६ वाजता त्याच गेटवर सोडतील. मुलगी आजारी असल्यास आई आदल्या रात्री ९ पर्यंत डॉक्टरांच्या चिठ्ठीसह मेसेज करेल, आणि हुकलेली भेट लगेच पुढच्या शनिवार-रविवारी होईल.'

गेट अशासाठी, की दारावरची बेल वाजवली की आजी बाहेर येते, जुना विषय निघतो आणि मुलगी चप्पल घालून मध्ये उभी राहते. 'हुकलेली भेट भरून निघेल' हे वाक्य अशासाठी, की ते असलं की ताप कमी वेळा येतो. सुट्ट्यांचं तसंच. 'दिवाळीची अर्धी सुट्टी' असं लिहू नका. 'शाळेच्या छापील वेळापत्रकातली दिवाळीची सुट्टी, सम वर्षी पहिला अर्धा भाग वडिलांकडे, विषम वर्षी दुसरा' असं लिहा. लक्ष्मीपूजन कोणाकडे, गौरी-गणपतीचे दिवस कोणाकडे, मे महिन्याची सुट्टी कोणत्या दिवसापासून मोजायची, हेही त्यातच. वाढदिवसाला दोन तास असतील तर कुठले दोन ते लिहा. व्हिडिओ कॉल बुधवारी साडेसातला, पंधरा मिनिटं, कोणाच्या फोनवर. प्रत्यक्ष भेटीशिवाय असा संपर्क हाही मुलाचा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये म्हटलं आहे. शाळेच्या ॲपवर दोघांचे नंबर, प्रगतिपुस्तक दोघांना, आणि शाळा किंवा शहर बदलायचं तर किती दिवस आधी कळवायचं, एवढं आलं की मसुदा पुरा.

तुमचा हुकूमनामा झालेला आहे, तरी हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली भेटीच्या अटी बदलून मागता येतात. मुलांबद्दलचा आदेश कधीच कायमचा नसतो. त्याआधी तीन महिन्यांची नोंद ठेवा. ठरलेल्या वेळी गेटवर जा, 'मी आलो आहे' असा मेसेज टाका, वीस मिनिटं थांबा, शांतपणे निघा. चिडून पाठवलेला एक मेसेज अशा पंचवीस नोंदी धुऊन टाकतो. अर्जासोबत तारीखवार तक्ता लावा आणि सुरुवातीच्या काही भेटी कोर्टातल्या मुलांच्या खोलीत समुपदेशकासमोर मागा. जागा कोंदट असते, खेळणी जुनी असतात, पण कोण आलं आणि कोण आलं नाही याची नोंद तिथे होते. नेमक्या अटींचा आदेश मिळाल्यावरही भेट होत नसेल तर दरखास्त, म्हणजे आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करायची. 'वाजवी' शब्दावर दरखास्त टिकवणं अवघड. शनिवार सकाळी दहा यावर ती चालते.

मुलगीच 'नको' म्हणते असं सांगितलं गेलं, तर न्यायाधीश तिला चेंबरमध्ये एकटीला भेटू शकतात. समज आलेल्या मुलाची पसंती विचारात घेतात, पण तीच अंतिम नसते. तिला उत्तरं पढवून आणू नका, दोघांनीही. आठ वर्षांच्या मुलीच्या तोंडी 'मानसिक छळ' हा शब्द आला की तो कुठून आला हे समोरच्याला कळतं.

प्रश्न : मुलाचा पासपोर्ट काढायचा आहे. वडील वेगळे राहतात, सही देत नाहीत. (ठाणे)

दोघांची संमती असेल तर पासपोर्टच्या अर्जासोबत परिशिष्ट 'डी', एकाचीच असेल तर परिशिष्ट 'सी'. साध्या कागदावर स्वतःच्या सहीचं घोषणापत्र चालतं, नोटरी लागत नाही. सही का मिळाली नाही ते खरं लिहा. ताब्याचा खटला चालू असेल तर तोही लिहा आणि जे आदेश झालेत त्यांच्या प्रती जोडा. लपवलं तर पासपोर्ट जप्त होऊ शकतो. पासपोर्ट मिळाला म्हणजे मुलाला परदेशी न्यायची परवानगी मिळाली असं मात्र नाही. खटला चालू असताना ती कोर्टाकडून वेगळी घ्यायची.

प्रश्न : मुलगी आणि सहा वर्षांचा नातू अमेरिकेहून नागपूरला आले ते परत गेले नाहीत. जावयानं तिकडच्या कोर्टातून मूल परत पाठवण्याचा आदेश आणला आहे. तो इथे लागू होतो का? (नागपूर)

थेट नाही. मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाबाबतच्या १९८० च्या हेग करारात भारत सामील नाही, आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली (ज्या देशांच्या कोर्टांचे हुकूमनामे इथे थेट अमलात येतात त्यांत) अमेरिका अधिसूचित देश नाही. पण यावर निवांत बसू नका. जावई मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात हेबियस कॉर्पसची (मुलाला कोर्टासमोर हजर करा अशी) याचिका करू शकतो, आणि तिचा निकाल ताब्याच्या साध्या अर्जापेक्षा बराच लवकर लागतो.

तिथे न्यायालय काय पाहतं याबद्दल निकाल एका सुरात नाहीत. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की परदेशी आदेश हा अनेक मुद्द्यांपैकी एक. मूल परत पाठवायचं की नाही हे त्याच्या हितावरच ठरेल. २०२० मध्ये त्याच न्यायालयानं दुसऱ्या एका आईला मुलासह अमेरिकेला परतायला सांगितलं आणि प्रवासाची, राहण्याची सोय वडिलांवर टाकली. फरक पडतो तो मुख्यतः वेळेनं. तीन महिन्यांत याचिका आली तर मूल अजून तिकडचं. दोन वर्षं गेली, इथल्या शाळेत रुळलं, मराठी बोलू लागलं, की चित्र बदलतं. म्हणूनच जावई घाई करतोय.

मुलीनं तिकडच्या कोर्टात वकील द्यावा. गैरहजर राहिल्यानं तिथे एकतर्फी आदेश होतात आणि पुढे व्हिसा असूनही परतणं जोखमीचं होतं. परतायची वेळ आलीच तर अटी आधी लेखी घ्या: वेगळं घर, खर्च, तिच्यावरच्या तक्रारी मागे घेणं. इथल्या अटींचा तसाच आदेश तिथल्या कोर्टातून आणण्याला 'मिरर ऑर्डर' म्हणतात. पण तोही तपासून घ्यावा लागतो: २०२० मध्ये अशाच आदेशाच्या भरवशावर सर्वोच्च न्यायालयानं एका मुलाला वडिलांसोबत केनियाला जाऊ दिलं, आणि वडिलांनी फसवल्याचं दिसल्यावर २०२१ मध्ये निकाल मागे घ्यावा लागला.

प्रश्न : आमची मुलगी वारली. नात तीन वर्षं आमच्याकडे वाढते आहे. जावई दुसरं लग्न करतोय आणि आता नात मागतोय. (कोल्हापूर)

कायद्यानं वडील जिवंत आणि लायक असतील तर पालक तेच. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात आई कर्करोगानं गेली, मूल मावश्यांकडे होतं. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते वडिलांना दिलं. उलट २००८ मध्ये पत्नीच्या हुंडाबळीचा खटला असलेल्या वडिलांऐवजी मुलाला आईच्या आईवडिलांकडेच राहू दिलं. वडिलांचं दुसरं लग्न हा एकटा मुद्दा पुरत नाही. या तीन वर्षांत ते किती वेळा आले, फी कोणी भरली, नात त्यांना ओळखते का, यावर भर द्या. ताबा गेलाच तर तो टप्प्याटप्प्यानं जावा आणि सुट्टीत नात तुमच्याकडे यावी, हे पर्यायी मागणं अर्जात पहिल्या दिवसापासून असू द्या. 'सगळं किंवा काहीच नाही' असा अर्ज केला तर हाती बहुधा काहीच राहत नाही.

प्रश्न : दुसरं लग्न केलं. मुलाला आताच्या पतीचं आडनाव लावता येईल का? (नाशिक)

पहिले पती हयात नसतील तर हो. आडनाव ठरवायचा अधिकार तुमचा, हे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं. कागदपत्रांत नव्या पतीची 'सावत्र वडील' अशी नोंद करायला लावणं त्या निकालात क्रूर ठरवलं आहे. पहिले पती हयात असतील तर त्यांची लेखी संमती किंवा कोर्टाचा आदेश घ्या. राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम आहे. आधी जन्मलेल्यांची कागदपत्रं त्यामुळे चुकीची ठरत नाहीत.

प्रश्न : नवरा शेती आणि अडतीचं दुकान करतो. दुकान भावाच्या नावावर. कोर्टात उत्पन्न शून्य सांगितलंय. दोन मुलांची पोटगी कशी मिळेल? (लातूर)

'रजनेश विरुद्ध नेहा' हा नोव्हेंबर २०२० चा निकाल नागपूरच्याच प्रकरणातून आला. त्यानुसार दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र ठरलेल्या नमुन्यात द्यावं लागतं. शेतीवर जगणाऱ्यांचा नमुना वेगळा आहे. नोकरदाराच्या नमुन्यात त्यानं पगारासमोर 'निरंक' लिहून दिलं असेल तर आधी शेतीचा नमुना भरायला लावा. मग गोळा करा सातबारा आणि ८-अ (खात्यावरच्या जमिनीचा उतारा), पीक कर्जाचा खातेउतारा, बाजार समितीतल्या सोयाबीनच्या हिशोबपट्ट्या, दुकानाचं जीएसटी कुणाच्या मोबाइल नंबरवर आहे ते. बँकेचे उतारे तुम्हाला मिळणार नाहीत. ते कोर्टानं त्याच्याकडून मागवावेत असा अर्ज द्या. दिले नाहीत तर त्याच्याविरुद्ध अर्थ काढता येतो. एकरकमी घेऊन 'मुलांचा हक्क सोडला' असं लिहून द्यायला सांगितलं तर सही करू नका. तुमचा हक्क तुम्ही सोडू शकता, मुलांचा नाही. आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजतात, म्हणून पट्ट्या गोळा होईपर्यंत थांबू नका. अर्ज या आठवड्यात करा. पट्ट्या नंतर यादीसोबत लावता येतात.