वाचकांचे प्रश्न : वादळापूर्वी अंगणातील छत आणि शेड

प्रश्न : आमच्या अंगणात लोखंडी पाइपांच्या चार खांबांवर ३ मीटर रुंद आणि ४ मीटर लांब ताडपत्रीचे छत आहे व शेजारी सायकली आणि बागेची अवजारे ठेवण्यासाठी पत्र्याची शेड आहे. वादळाचा इशारा मिळाला की आम्ही ताडपत्री दोरीने घट्ट आवळतो आणि पत्र्यांवर दगड ठेवतो. एवढी तयारी पुरेशी आहे का?

उत्तर : नाही. ताडपत्री आवळण्याऐवजी ती पूर्ण उतरवावी, असे आम्ही आग्रहाने सांगू. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. ताशी १०० किलोमीटर वेगाचा वारा समोरच्या प्रत्येक चौरस मीटरवर साधारण ४८ किलो वजनाइतका जोर लावतो. तुमच्या छताचे क्षेत्रफळ १२ चौरस मीटर आहे, म्हणजे हा जोर पाचशे किलोंच्या पुढे जातो. छताचा आकार आणि उतार यांप्रमाणे हा आकडा कमीजास्त होईल, परंतु २० लिटरच्या बादलीत काठोकाठ काँक्रीट ओतले तरी तिचे वजन ५० किलोंच्या आतच राहते, हे लक्षात घेतले म्हणजे प्रत्येक खांबाला अशी एक, म्हणजे चार बादल्या वजनासाठी लावल्या तरी त्या किती अपुऱ्या आहेत ते दिसून येईल. कापड काढल्यावर मात्र उघड्या सांगाड्यावर वाऱ्याला धरण्यासारखे फारसे काही उरत नाही आणि मग दोऱ्या व मेखा त्याला सांभाळू शकतात.

सांगाडा बांधताना मेख सरळ न ठोकता तिचे डोके खांबापासून दूर झुकेल अशी तिरकी ठोकावी. पावसाने भिजलेल्या मातीची पकड सैल होते, म्हणून कोरड्या दिवशी घट्ट वाटलेल्या मेखेवर विसंबू नये. लांब मेख घ्यावी किंवा शक्य तेथे खांबांचे पाय काँक्रीटमध्ये पक्के करावेत. नायलॉनची दोरी भिजल्यावर आणि ताण आल्यावर लांबते, त्यामुळे या कामाला पॉलिस्टरची दोरी अधिक योग्य.

पत्र्यांवरचे दगड तर आजच उतरवावेत. पत्रा उचलला गेला की तेच दगड खाली कोसळतात आणि माणसाच्या जिवावर बेततात. पत्रा वरून दाबून नव्हे, तर खालच्या अँगलला हूक बोल्ट आणि वॉशरने जखडून टिकतो. वारा कडा आणि कोपऱ्यांवर सर्वाधिक ओढ लावतो, म्हणून तेथे बोल्ट जवळजवळ हवेत, आणि गंजलेले वॉशर इशाऱ्याची वाट न पाहता आधीच बदलावेत. अँगल खांबाला आणि खांब पायाला तितकाच पक्का जोडलेला आहे ना, हेही पाहावे; नाहीतर पत्रे सुटणार नाहीत, पण सगळी शेडच उलटेल.

खुर्च्या, कुंड्या, शिडी, रिकामे पिंप अशा सुट्या वस्तू घरात किंवा शेडमध्ये न्याव्यात. जी वस्तू हलवता येत नाही ती आडवी करून बांधावी.

प्रश्न : वारा आरपार निघून जावा म्हणून वादळात शेडचे दार उघडे ठेवावे, असे सांगतात. ते बरोबर आहे का?

उत्तर : तसे करू नये. वाऱ्याच्या बाजूचे दार उघडे असले की आत शिरलेली हवा छताला खालून ढकलते आणि त्याच वेळी छतावरून वाहणारा वारा त्याला वरून ओढत असतो. हे दोन्ही जोर एकाच दिशेने लागल्यामुळे चांगले जखडलेले पत्रेही उखडतात. दाराला वर आणि खाली अशा दोन कड्या लावून ते बंद ठेवावे. शिवाय आज आडोशाला असलेले दार वादळभर आडोशालाच राहील असे नाही, कारण चक्रीवादळाचा डोळा डोक्यावरून गेला तर काही वेळ वारा पडतो आणि नंतर तो उलट दिशेने तितक्याच जोराने सुरू होतो. त्या मधल्या शांततेत दोऱ्या तपासण्यासाठीही कोणी बाहेर पडू नये.