तुमचे प्रश्न : गावचं वाचनालय

या महिन्यात आलेल्या पत्रांत वाचनालयाविषयीचे प्रश्न बरेच होते. त्यातले सहा इथे घेतले आहेत. उत्तरं ग्रंथालयाच्या कामात रोज असणाऱ्यांनी दिली आहेत.

बदली होऊन तालुक्याच्या गावी आलो आहोत. इथल्या सार्वजनिक वाचनालयाचं सभासद होताना काय लागतं, आणि पैसे न भरता काय मिळतं?

महाराष्ट्रातली बहुतेक सार्वजनिक वाचनालयं सरकार थेट चालवत नाही. गावकऱ्यांनी संस्था नोंदवून ती उभी केली आहेत आणि १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता मिळाली की त्यांना अनुदान मिळतं. त्यामुळे वर्गणी, अनामत, उघडण्याची वेळ हे सगळं गावागणिक वेगळं असतं. फलकावर ‘तालुका अ’, ‘इतर ब’ असा वर्ग लिहिलेला दिसला तर त्यावरून ग्रंथसंख्या, सेवकवर्ग आणि वेळ यांचा अंदाज येतो. ‘ड’ वर्गाच्या छोट्या वाचनालयाकडून संदर्भ विभागाची अपेक्षा करू नये. पण तिथेही वर्तमानपत्रं आणि नियतकालिकं वाचनकक्षात बसून वाचता येतात, त्यासाठी सभासद असण्याची गरज नसते.

पुस्तक घरी न्यायचं तर अर्ज, पत्त्याचा पुरावा, फोटो, अनामत आणि मासिक किंवा वार्षिक वर्गणी लागते. काही ठिकाणी जुन्या सभासदाची सही मागतात. नव्या गावात ओळख नसेल तर ग्रंथपालांना तसं सांगा, कार्यालयाचं ओळखपत्र बहुधा चालतं. अनामतीची पावती मात्र जिवापाड जपा. पुढे बदली झाली की परतावा त्या पावतीवरच मिळतो, आणि पावती हरवलेल्यांचे पैसे वर्षानुवर्षं संस्थेच्या खात्यात पडून राहतात. जाताना शेवटचं पुस्तक जमा करून ‘येणे बाकी नाही’ असा शेरा वहीत करून घ्या.

यादीत नाव असलेलं पुस्तक मागितलं की ‘आत्ता नाही’ एवढंच उत्तर मिळतं. मग ते असतं कुठे?

‘नाही’ या एका शब्दात चार वेगळ्या गोष्टी असू शकतात, म्हणून नेमकं विचारा. पुस्तक दुसऱ्या वाचकाकडे असेल तर त्याचं कार्ड देवघेवीच्या टेबलावरच्या खोक्यात असतं. कार्डावर परतीची तारीख दिसते आणि तुमच्या नावाची चिठ्ठी त्याच कार्डाला लावून ठेवता येते. संगणकावर देवघेव असेल तर हेच आरक्षण तिथे नोंदवतात. दुसरी शक्यता बांधणीची. बांधणीला गेलेल्या पुस्तकांची वेगळी यादी असते.

तिसरी शक्यता सर्वांत जास्त आढळते : पुस्तक वाचनालयातच आहे, पण चुकीच्या जागी. वाचकांना कपाटापर्यंत सोडणाऱ्या मुक्तद्वार पद्धतीत कादंबरी चाळून शेजारच्या खणात ठेवली जाते आणि ती पुढच्या मोजणीपर्यंत सापडत नाही. अशा वेळी त्याच खणाच्या वरचा-खालचा खण आणि नुकत्याच परत आलेल्या पुस्तकांची थप्पी पाहायला सांगा. तुम्ही स्वतः काढलेलं पुस्तक परत खणात न घालता टेबलावर ठेवलंत तर ग्रंथपालांचं मोठं काम वाचतं.

चौथी शक्यता गहाळ होण्याची. पुस्तकाची खरी ओळख म्हणजे दाखल क्रमांक. तो दाखल नोंदवहीत, शीर्षकपानावर आणि आतल्या एका ठरलेल्या गुप्त पानावर असतो. पुस्तक गहाळ झालं तरी ती नोंद रीतसर बाद होईपर्यंत नाव यादीत राहतंच. म्हणून यादी मोठी आणि कपाट रिकामं, असं चित्र दिसतं.

पुस्तक वाचनालयात मुळातच नसेल तर तोंडी सांगून सोडून देऊ नका. मागणी नोंदवही मागा आणि लेखक, शीर्षक, प्रकाशक, किंमत असं पूर्ण लिहा. खरेदी करणाऱ्या समितीसमोर तीच वही जाते. अनुदानाचं वर्ष एप्रिल ते मार्च असतं आणि बरीच खरेदी वर्षाच्या उत्तरार्धात होते, तेव्हा दसऱ्याच्या आत लिहिलेली मागणी त्याच वर्षी पुरी होण्याची शक्यता अधिक. तीन वाचकांनी एकच पुस्तक मागितलं तर समितीला नाही म्हणणं अवघड जातं.

आमच्या वाचनालयात बालविभागाचं एक कपाट आहे, पण मुलं फिरकत नाहीत. दर शनिवारी काही सुरू करायचं आहे. काय करावं?

आधी ते कपाट बघा. साडेसहा फुटी लोखंडी कपाट, त्याला कुलूप आणि किल्ली ग्रंथपालांच्या खणात, अशी व्यवस्था असेल तर शनिवारचा कार्यक्रम कितीही चांगला केला तरी मुलं पुस्तकापर्यंत पोचणार नाहीत. मुलांसाठीचा वरचा खण जमिनीपासून साडेतीन-चार फुटांच्या वर नको. पंधरा-वीस पुस्तकं तरी मुखपृष्ठ समोर येईल अशी उभी ठेवा, कारण सात वर्षांचं मूल पुस्तकाच्या कण्यावरचं बारीक नाव वाचून पुस्तक निवडत नाही, चित्र बघून निवडतं. भिंतीला समांतर दोन दोऱ्या ताणून त्यावर पातळ पुस्तकं अडकवली तरी काम भागतं. दर शनिवारी ती बदला.

वेळ पाऊण तास पुरते, त्याहून जास्त नको. पहिली दहा-बारा मिनिटं एकाने मोठ्याने वाचायचं, पुस्तक मुलांकडे वळवून. त्यासाठी पुस्तक छातीच्या उंचीवर आडवं धरायचं आणि वाचणाऱ्याने ते आधी घरी दोनदा मोठ्याने वाचून आलेलं असावं. नाहीतर पान उलटताना अडखळायला होतं आणि मुलांचं लक्ष उडतं. नंतरची वीस मिनिटं मुलांनी हवं ते, हवं तसं वाचायचं. उरलेला वेळ देवघेवीसाठी. प्रत्येक मुलाने एक पुस्तक घरी न्यायलाच हवं. त्याशिवाय शनिवारचा उपयोग शनिवारपुरताच.

एका गटात पंधरा ते वीस मुलं, आणि तीन ते सहा व सात ते दहा हे गट वेगळे ठेवा. लहानांसोबत पालक हवेत, मोठ्यांसोबत नकोत. दोन्ही गट एकत्र बसवले की मोठी मुलं कंटाळतात आणि महिनाभरात गळतात.

हे उपक्रम बंद का पडतात, त्याचं कारण बहुतेक ठिकाणी सारखं सापडतं. हौशीने सुरुवात होते, मग कोणीतरी सुचवतं की वाचलेल्या पुस्तकावर प्रश्न विचारू, सारांश लिहून घेऊ, नंबर काढू. तिसऱ्या शनिवारी वर्ग भरल्यासारखं वाटू लागतं आणि ज्या मुलांना वाचन जड जातं ती आधी सुटतात. खरं तर वाचनालय त्याच मुलांसाठी चालवायचं असतं. स्पर्धा घ्यायचीच तर १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला घ्या, शनिवार मोकळा राहू द्या. दुसरं कारण फाटलेल्या पुस्तकाचा दंड. बालविभागात पुस्तकं फाटणारच. पातळ पुस्तकं वर्षाला काही टक्के बाद होतील असं धरूनच खरेदी करा आणि मुलाकडून पैसे घेऊ नका. एकदा दंड भरावा लागला की घरचे त्या मुलाला पुन्हा पुस्तक आणू देत नाहीत.

पुस्तकं कमी असतील तर नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयातली मराठी पुस्तकं स्वस्त आणि टिकाऊ आहेत. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी चित्रकथा मोफत आहेत. त्यांचा परवाना खुला असल्यामुळे श्रेय कायम ठेवून छापून घेता येतात. आडवा कागद, दोन्ही बाजूंनी रंगीत छपाई आणि मधोमध दोन टाचण्या, एवढ्यावर पुस्तक तयार होतं.

दिवाळी अंक योजना सुरू केली, पण दोनच महिन्यांत तक्रारी. मागणीचे अंक ठरावीक लोकांकडेच अडकतात.

योजनेचे नियम पहिल्या दिवशी लेखी द्या. एका वेळी एकच अंक, मुदत चार दिवस, मुदतीनंतर रोजचा दंड. अंक राखून ठेवायचे नाहीत, जो परत येईल तो समोरच्याला. दोन सभासदांमागे एक अंक हे प्रमाण धरलं तर टेबल रिकामं पडत नाही. सर्वाधिक मागणीच्या तीन-चार अंकांच्या दोन-दोन प्रती घ्या. नवे नऊ अंक वाढवण्यापेक्षा हा खर्च सत्कारणी लागतो.

अंक खिळखिळे होण्यावर उपाय आधीच करायचा. नुसत्या पिनांवर बांधलेला अंक दहाव्या हाताला सुटतो. आल्याआल्या पाठीच्या कडेपासून अर्धा सेंटिमीटर आत दाभणाने तीन भोकं पाडा आणि मेण लावलेल्या जाड दोऱ्याने शिवा. सुई मधल्या भोकातून घालून गाठही तिथेच मारायची, म्हणजे टोकांना ताण येत नाही. वरून पारदर्शक प्लास्टिक. मुखपृष्ठावर चिकटपट्टी मारू नका, वर्षाच्या आत ती पिवळी पडते आणि छपाईसकट निघते. १९०९ साली ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाचा पायंडा पाडला. तेव्हापासूनचे अंक आज संशोधकांना हवे असतात, म्हणून योजना संपल्यावर सगळेच रद्दीत घालू नका. स्थानिक लेखकांचे आणि आपल्या जिल्ह्यातून निघणारे अंक तरी दाखल करून ठेवा.

वडिलांची नजर खूपच कमी झाली आहे. ते तीस वर्षं या वाचनालयाचे सभासद आहेत. त्यांच्यासाठी काही सोय होऊ शकते का?

हो, आणि ती मागून घ्यायला संकोच करू नका. नजर थोडीफार शिल्लक असेल तर दिव्याचं, स्टँडवर उभं राहणारं भिंग वाचनकक्षात ठेवायला सांगा. हातात धरायच्या भिंगाने म्हाताऱ्या हाताला कंप सुटतो आणि ओळ हरवते.

दृष्टी-अपंगत्वाचा दाखला असेल तर ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयात नाव नोंदवा. ते केंद्र सरकारने २०१६ मध्ये सुरू केलं. ऐकता येतील अशा स्वरूपातली पुस्तकं तिथून मिळतात, मराठीही आहेत. नोंदणीचा अर्ज भरायला ग्रंथपालांनी मदत करावी. हे त्यांच्या कामात बसतं. मोबाइल मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो, पण मजकूर युनिकोडमध्ये असला तरच. पानांचे नुसते फोटो काढून केलेली पीडीएफ त्याला वाचता येत नाही, आणि ‘फोन बिघडला’ असं वाटून बरेच जण इथेच सोडून देतात. मराठी विश्वकोशाच्या संकेतस्थळावरच्या नोंदी युनिकोडमध्ये आहेत, सुरुवात तिथून करून बघा.

आणखी एक गोष्ट फार थोड्या वाचनालयांना ठाऊक असते. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर अपंगत्वामुळे छापील पुस्तक वाचू न शकणाऱ्या व्यक्तीसाठी, नफा न घेता, पुस्तक ध्वनिमुद्रित करून देता येतं. त्यासाठी लेखक-प्रकाशकाची परवानगी लागत नाही. म्हणजे महाविद्यालयातली दोन मुलं तयार झाली तर वडिलांच्या आवडीची कादंबरी रोज वीस मिनिटं याप्रमाणे मोबाइलवर वाचून देता येईल. मात्र ते मुद्रण अशा वाचकांपुरतंच ठेवायचं, गावच्या गटावर पाठवायचं नाही.

कोकणातल्या आमच्या वाचनालयात पावसाळ्यात पुस्तकांना बुरशी येते. उन्हात घालतो, डांबरगोळ्या ठेवतो, तरी पुन्हा येते.

डांबरगोळीचा बुरशीवर उपयोग नाही. ती किड्यांसाठी, आणि बंद खोलीत तिचा वास माणसालाच त्रास देतो. कडक उन्हात साधा कागद पिवळा पडून ठिसूळ होतो, पुठ्ठे वाकतात, कण्याचा डिंक तडकतो. बुरशीचं मूळ हवेतल्या दमटपणात आहे. आर्द्रता बराच काळ ६५ टक्क्यांच्या वर राहिली की ती वाढतेच. एक साधा आर्द्रतामापक आणून कपाटाच्या आत ठेवा. बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात आकडा खोलीपेक्षा जास्त दिसेल.

म्हणून पहिलं काम कपाटं हलवण्याचं : भिंतीपासून वीतभर पुढे, सर्वांत खालचा खण जमिनीपासून वीतभर वर. खणात पुस्तकं ठासून भरू नका. लोखंडी कपाटाची दारं पावसाळ्यात दिवसा उघडी ठेवा आणि पंखा चालू ठेवा. पाऊस कोसळत असताना मात्र खिडक्या उघडू नका.

बुरशी आलेलं पुस्तक लगेच वेगळं काढा. ओलं असताना पुसलंत तर बुरशी कागदात जिरते आणि डाग कायमचा बसतो. आधी सावलीत, पानं पंख्यासारखी पसरून उभं ठेवून, वाऱ्यावर पूर्ण कोरडं करा. मग वाचनालयाच्या बाहेर, तोंडाला चांगला मास्क लावून, मऊ ब्रशने कण्याकडून बाहेर झाडा. दमा असलेल्या माणसाला हे काम देऊ नका.

कसर लागलेली पुस्तकं असतील तर उपाय वेगळा. पूर्ण कोरडं पुस्तक हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत घालून उणे १८ ते २० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही, नाहीतर गार कागदावर दव धरतं आणि पुन्हा बुरशी. गावातल्या आइस्क्रीमवाल्यांकडे असा फ्रीझर असतो. सप्टेंबरनंतर त्यांची गर्दी ओसरली की एक खण आठवड्यासाठी मागून घेता येईल.