वडिलांची जुनी लाकडी होडी कमी खर्चात दुरुस्त करून पुन्हा पाण्यात घालता येईल का?

तुमच्या प्रश्नातून कळतं ते एवढं: 22 फुटी लाकडी होडी, वडील गेल्यापासून चार वर्षं माडाखाली पडून, हातात चाळीस हजार, आणि कुणीतरी सांगितलंय की वरून फायबर (काचतंतूंचं कवच) मारून घ्या, पुढची दहा वर्षं बघायला नको.

येईल, पाण्यात घालता येईल. पण फायबरवाल्याला इतक्यात बोलावू नका, आणि रंगाचा डबा तर विकतच आणू नका.

मी तीन वर्षांपूर्वी याच फेऱ्यातून गेलोय. मालवणच्या उत्तरेला आमचं गाव. होडी काकांची, तुमच्यापेक्षा दोन फूट मोठी, पाच पावसाळे अंगणात काढलेली. माझा धंदा घरांच्या वायरिंगचा. सुतारकाम मला येत नाही, त्यामुळे मी जे सांगतोय त्यातलं अर्धं आमच्या म्हाताऱ्या सुतारांचं आहे आणि उरलेलं त्यांच्या शिव्या खाऊन शिकलेलं.

आधी कागद बघा. होडीची नोंदणी आणि मासेमारीचा परवाना वडिलांच्या नावावर असेल. तो वारस म्हणून तुमच्या नावावर करून घेणं हे पहिलं काम, लाकूड नंतर. नोव्हेंबर 2008 मध्ये मुंबईवर हल्ला करणारे पोरबंदरची 'कुबेर' नावाची मच्छीमार बोट पळवून आले होते. तेव्हापासून समुद्रात प्रत्येक होडीचा नंबर, प्रत्येक माणसाचं ओळखपत्र तपासतात. बिनकागदाची होडी कितीही सुंदर दुरुस्त केलीत तरी ती अंगणातली शोभाच. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाल तेव्हा होडीला बाहेरून कुठला रंग द्यायचा तेही विचारून या, तो आपल्या आवडीवर सोडलेला नाही.

आता होडी. एक गोष्ट बहुतेकांना उलटी वाटते. लाकडी होडी समुद्रात फारशी कुजत नाही. खाऱ्या पाण्यात कुजवणारी बुरशी धरत नाही. समुद्रात भीती असते ती लाकूड पोखरणाऱ्या किड्याची, आणि लाकूड पुरतं सुकेपर्यंत होडी कोरड्यावर राहिली की तो मरतो. कुजवतं ते पावसाचं गोडं पाणी. आमचे लोक पावसाळ्यात होड्या झापांनी, म्हणजे विणलेल्या झावळ्यांनी, शाकारून ठेवायचे ते काय हौस म्हणून नाही. तुमची चार पावसाळे उघडी होती की शाकारलेली, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि माझ्या हिशेबाने सगळं उत्तर त्यावर आहे. उघडी असेल तर पाणी तळात साचलं असणार, वर माडाचा पाचोळा, खाली ओल आणि वाळवी.

तेव्हा एका रविवारी सकाळी पाचोळा काढा, होडी आतून झाडून घ्या आणि एक टोच्या घेऊन आत बसा. टोच्या नसेल तर जुना स्क्रू-ड्रायव्हर चालेल. पठाणापासून सुरुवात करा, म्हणजे तळाचा जो मुख्य कणा, आणि त्याला लागून असलेली दोन्हीकडची पहिली फळी. वीत-वीत अंतरावर टोचत जा. चांगल्या लाकडात टोक दोन-तीन मिलिमीटर जाऊन अडतं. कुजलेल्यात ते लोण्यात गेल्यासारखं जातं आणि बाहेर काढताना ओला भुसा चिकटून येतो. हातोडीच्या दांड्याने ठोकूनही कळतं. धड फळी टणटणते, मेलेली फळी भद्द करते. जिथे भद्द, तिथे खडूने गोल. नाळेचा, म्हणजे पुढच्या टोकाच्या उभ्या लाकडाचा, खालचा सांधा, मागे इंजिन अडकवायची फळी आणि आतल्या वाकांचे, म्हणजे फासळ्यांचे, तळाकडचे भाग चुकवू नका. पाणी तिथेच थांबतं.

माझ्या होडीत चौदा गोल निघाले. माझं तोंड पडलं. सुतार मात्र खूष. "पठाण धड हा, मगे होडी धड हा," म्हणाले. कणा गेला असता तर ते होडी सोडून घरी गेले असते. तुमच्या बाबतीतही निर्णय इथेच लागतो. पठाण तीन-चार ठिकाणी मऊ लागला तर चाळीस हजारांत काही होणार नाही. मग होडीचा सामान म्हणून जो भाव येईल तो घ्या आणि ते पैसे दुसऱ्या वापरातल्या होडीत घाला. वाईट वाटेल, पण वडिलांची आठवण म्हणून सुकाणू घरात ठेवता येतं.

पठाण चांगला निघाला तर पैसा कुठे घालायचा हे सोपं आहे: पाण्याखाली जे येतं तिथे. आम्ही दोन फळ्यांचे खराब तुकडे कापून काढले आणि ऐनाच्या लाकडाचे नवे तुकडे बसवले. सागवान परवडत नव्हतं, आणि सुतारांच्या मते आमच्या कामाला ऐन पुरेसा होता. सांधा सरळ नाही, तिरका घ्यायचा. फळी एक इंच जाडीची असेल तर सांध्याचा उतार आठ इंच. आणि शेजारशेजारच्या फळ्यांचे सांधे एकाच वाकावर येऊ द्यायचे नाहीत. चार वाक खालून गेले होते. ते पूर्ण काढायला गेलो असतो तर अर्धी होडी उसवावी लागली असती, म्हणून कुजका भाग छाटला, कडेला तेल पाजलं आणि शेजारी नवा वाक बोल्टने जोडला. दिसायला जोडपं दिसतं, पण काम चोख.

खिळ्यांवर कंजुषी करू नका. जुन्या खिळ्याभोवती लाकूड काळं पडलेलं दिसेल. ते खिळ्याचा गंज आणि खारं पाणी मिळून झालेलं असतं, तिथे पुन्हा खिळा धरत नाही. जुनं भोक लाकडी खुंटी ठोकून बंद करायचं आणि नवा गॅल्व्हनाइज्ड खिळा बोटभर बाजूला मारायचा. तांब्याचे किंवा पितळेचे चार खिळे कुठून फुकट मिळाले म्हणून लोखंडाच्या शेजारी मारू नका. खाऱ्या पाण्यात दोन धातू जवळ आले की त्यातलं लोखंड खाल्लं जातं. वायरिंगवाला म्हणून एवढं तरी मला आधीपासून माहीत होतं.

होडी शिवलेली असेल तर वरचं सगळं विसरा. दक्षिण कोकणात आणि गोव्यात रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, होड्या काथ्याने शिवायचे, त्यात खिळाच नसतो. ते काम करणारा माणूस सापडला तर त्याला धरून ठेवा.

आता माझी चूक सांगतो, कारण तुम्हीही ती करणार असं तुमच्या प्रश्नावरून वाटतंय. सुतार यायच्या आधी मी दोन रविवार खपून फळ्यांमधल्या सगळ्या फटी भरून टाकल्या. पाच वर्षं सुकलेली होडी, फटी दोन-दोन सूत रुंद, पलीकडचा उजेड दिसायचा. मी दुकानातून दोन डब्यांची घट्ट होणारी पुट्टी आणली आणि बोटांनी ठासून भरली. सुतार आले, अंगठ्याचं नख पुट्टीवर मारून बघितलं, आणि विचारलं, "ह्यां कोणी केल्यान?" मी गप्प. मग मला पटाशी दिली आणि ती सगळी पुट्टी मलाच काढायला लावली. दोन दिवस गेले, हाताला फोड आले.

कारण साधं आहे. सुकलेलं लाकूड पाण्यात गेलं की फुगतं आणि फट आपोआप मिटते. फटीत दगडासारखी पुट्टी असेल तर फळीला फुगायला जागा राहत नाही, ती वाकाला ढकलते, खिळे उपटतात आणि होती त्याहून मोठी गळती सुरू होते. म्हणून आधी होडीला पाणी पाजायचं. आठवडाभर आतून-बाहेरून गोणपाट पसरून ते समुद्राच्या पाण्याने ओलं ठेवायचं. होडीत पाणी भरून ठेवू नका. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन, ओंडक्यावर टेकवलेली जुनी होडी तेवढ्याने फाटेल. आठवड्याने बघाल तर निम्म्या फटी गायब झालेल्या असतील. ज्या उरतील त्यांचीच कलाफत करायची: कापसाची वात वळून बोथट पटाशीने हलके ठोकत बसवायची आणि वरून तेलात कढवलेली राळ. आमचे सुतार ठोकताना कान देऊन ऐकायचे. आवाज बदलला की थांबायचे. मी ठोकली तर वात आरपार आत पडायची.

आता फायबर. मी त्याच्या विरोधात नाही, नव्या फायबरच्या होड्या हलक्या आणि चांगल्या असतात. पण कुजक्या लाकडावर फायबर म्हणजे जखम न धुता पट्टी. ओल आत कोंडते आणि लाकूड आतल्या आत सडतं. आमच्याच किनाऱ्यावर एकाने असं करून घेतलं होतं. दुसऱ्या वर्षी कवच वरून चकाचक, आणि सोललं तर आतली फळी चहाच्या चोथ्यासारखी हातात आली. शिवाय पॉलिएस्टर रेझिन, म्हणजे फायबर बसवायचं घट्ट होणारं द्रव, ओलसर किंवा तेल मुरलेल्या लाकडाला नीट चिकटतच नाही, आणि जुन्या होडीने जन्मभर तेलच प्यालेलं असतं.

तरी करायचंच असेल तर आधी हिशेब करा. तुमच्या होडीचं बाहेरचं अंग अंदाजे 130 चौरस फूट, म्हणजे 12 चौरस मीटर धरा. चौरस मीटरला 450 ग्रॅमच्या मॅटचे, म्हणजे काचतंतूंच्या कापडाचे, दोन थर म्हटले तर मॅट अकरा किलो आणि रेझिन त्याच्या अडीचपट, पंचवीस ते सत्तावीस किलो. कुणी याच्या निम्म्या मालात काम करून देतो म्हणाला तर तो एकच थर मारणार आहे. काम मे महिन्याच्या आत, लाकूड कोरडं असताना. आणि स्वतः मिसळणार असाल तर एक गोष्ट जिवाची: हार्डनर आणि कोबाल्ट (रेझिन घट्ट करायला त्यात घालायची दोन रसायनं) एकमेकांत थेट कधीही ओतू नका, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मग हार्डनर, तोही शेकडा एक ते दोन.

मला फायबरवाल्याने 62 हजार सांगितले होते. प्रत्यक्षात माझे गेले ते असे: सुतारांची नऊ दिवसांची मजुरी 10,800, लाकूड 5,200, खिळे-बोल्ट 2,400, कापूस-राळ-तेल 1,900, रंग 3,600, होडी हलवायला माणसं आणि त्यांचा चहा-वडा 2,500, इंजिन 8,700. एकूण 35,100. तीन वर्षांपूर्वीचे भाव आहेत, तुम्ही थोडं चढवून धरा. मदतनीस म्हणून मी स्वतः राबलो ते यात नाही.

होडी रोज वाळूवर ओढून घेणार असाल तर तळाला शिंपले न धरणारा महागडा रंग लागत नाही. तो दिवसरात्र पाण्यात उभ्या असणाऱ्या बोटींसाठी. आम्ही तळाला काजूच्या टरफलाचं तेल दिलं, स्वस्त आणि किडीला भारी. हातमोजे घाला, नाहीतर कातडी सोलून निघते.

इंजिनबद्दल थोडक्यात. आमचं जुनं आउटबोर्ड होतं, 9.9 अश्वशक्तीचं. कार्ब्युरेटरमध्ये जुन्या इंधनाचा डिंक झाला होता, तो साफ केला. थंड पाणी फिरवणाऱ्या पंपाचं रबरी चाक बदललं. गिअरचं तेल काढलं तर दुधाळ निघालं, म्हणजे सीलमधून पाणी शिरत होतं, ते बदललं. तुम्ही वापरलेलं इंजिन विकत घेणार असाल तर ते पिंपात चालू करायला लावा. मागच्या बारीक भोकातून पाण्याची धार सलग पडली पाहिजे, आणि गिअरचं तेल तुमच्या डोळ्यांसमोर काढून दाखवायला सांगा. दाखवत नसेल तर घरी या.

वेळेचं म्हणाल तर होळीनंतर सुरू करा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, म्हणून लोक दुरुस्ती त्या 61 दिवसांवर ढकलतात. पण तेव्हा सुतार मिळत नाहीत आणि लाकूड सुकत नाही. मे महिन्यात लाकूडकाम संपवून होडी शाकारून ठेवा, नारळी पौर्णिमेला पाण्यात घाला.

पहिल्या दिवशी गळेल. घाबरू नका. आमची पहिल्या संध्याकाळी इतकी गळत होती की मी आणि चुलतभाऊ डबे घेऊन रात्री दहापर्यंत पाणी उपसत बसलो होतो आणि सुतार किनाऱ्यावर बिडी ओढत होते. दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी दहा-बारा डबे. तिसऱ्या सकाळी तळात वाटीभर पाणी होतं. हे तीन दिवस होडी किनाऱ्याजवळच बांधून ठेवायची, बाहेर काढायची नाही. चौथ्या दिवशीही गळत असेल तर कुठलीतरी फट राहिली आहे.

तुम्ही फोटो टाकलाय तो बाजूने आहे, त्यात फक्त रंग दिसतो. पाचोळा काढून पठाण आणि त्याच्या शेजारची फळी आतून दिसेल असा एक फोटो टाका, टोचलेल्या खुणांसकट. मग फायबरचं बोलू.