एकदाच कुणाबद्दल 'तसं' वाटलं, एरवी कधीच नाही. मग मी असेक्शुअल आहे की नाही?

तुम्ही लिहिलंय की वय २८, मैत्रिणी ज्या मुलांवर मरतात त्यांच्याकडे बघून तुम्हाला काहीच होत नाही. फक्त एकदा, चार वर्षं जुन्या मित्राबद्दल अचानक शारीरिक ओढ वाटली आणि तुम्हीच घाबरलात. आता घरी स्थळं बघणं चालू आहे, रविवारी एक मुलगा येतोय, आणि तुम्हाला कळत नाहीये की आपण नक्की कुठल्या खान्यात बसतो.

दोन खान्यांच्या मध्ये भरपूर जागा आहे. मी स्वतः तिथलाच रहिवासी आहे. पुरुष, वय ४१, लग्न झालंय, एक मुलगी आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण 'असलं काही फक्त बायकांना असतं, पुरुष काय, सदा तयार' हे मी हॉस्टेलपासून ऐकत आलोय.

आधी शब्दांचं बघू. असेक्शुअलला मराठीत 'अलैंगिक' म्हणतात, पण मला तो ऐकला की शाळेतलं किण्वाचं मुकुलायन आणि अमिबाचं द्विविभाजन आठवतं, म्हणून मी इंग्रजी शब्दच वापरतो. असेक्शुअल म्हणजे ज्याला कुणाबद्दलच लैंगिक आकर्षण वाटत नाही तो. ग्रे-असेक्शुअल म्हणजे ज्याला ते क्वचित, किंवा अगदी मंद, किंवा काही ठराविक परिस्थितीतच वाटतं. आणि डेमिसेक्शुअल म्हणजे ज्याला आधी मनाची घट्ट जवळीक झाल्याशिवाय वाटतच नाही. जवळीक झाली तरी वाटेलच असंही नाही. तुम्ही लिहिलेल्या दहा ओळींवरून मला तरी डेमीचा वास येतोय, पण शिक्का मी मारणार नाही. तो फक्त तुम्हालाच मारता येतो, आणि नाही मारला तरी काही अडत नाही.

इथे हमखास कुणीतरी म्हणेल, 'त्यात काय, सगळ्या सभ्य माणसांचं असंच असतं!' नसतं. एकादशीचा उपवास करणाऱ्याला भूक लागलेली असते, तो खात नाही एवढंच. शेजारच्या घरातून कांदाभज्यांचा वास आला की त्याचा जीव खालीवर होतो. आमच्यासारख्यांना तो वास येतो, पण पोट हलत नाही. संयम हा आमचा गुण नाही, कारण आवरायला आत काही नसतंच.

ही नावं काही फार जुनी नाहीत. आल्फ्रेड किन्सी या अमेरिकन संशोधकाने १९४८ मध्ये पुरुषांच्या लैंगिकतेवर अहवाल काढला आणि माणसांना शून्य ते सहा अशा पट्टीवर बसवलं: शून्य म्हणजे निव्वळ भिन्नलैंगिक, सहा म्हणजे निव्वळ समलैंगिक. ज्यांना कुणाबद्दल काहीच प्रतिक्रिया नाही त्यांना पट्टीवर जागाच नव्हती, त्यांच्यापुढे 'एक्स' लिहिलं. मग १९८० मध्ये मायकेल स्टॉर्म्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने पट्टीऐवजी आलेख सुचवला. एका अक्षावर पुरुषांबद्दलची ओढ, दुसऱ्यावर स्त्रियांबद्दलची. दोन्ही जिथे नगण्य तो कोपरा असेक्शुअल. ही कल्पना मला फार आवडते, कारण एकदा आलेख काढला की कोपऱ्यापासून थोडं दूर, म्हणजे अगदीच शून्य नाही पण फार पुढेही नाही, अशा ठिकाणीसुद्धा बिंदू ठेवता येतो. २००४ मध्ये कॅनडातल्या अँथनी बोगार्टने ब्रिटनमधल्या अठरा हजारांहून जास्त लोकांच्या पाहणीतली उत्तरं तपासली, तेव्हा सुमारे एक टक्का लोकांनी 'मला कुणाबद्दलच कधी लैंगिक आकर्षण वाटलेलं नाही' असं सांगितलेलं निघालं. तुम्ही-आम्ही त्या एक टक्क्यात मोजले जाणार नाही, कारण आपल्याला 'कधीतरी' वाटलंय. हा 'कधीतरी'च आपला सगळा घोळ. 'डेमिसेक्शुअल' हा शब्द डेव्हिड जे याने इंटरनेटवर उभ्या केलेल्या असेक्शुअल लोकांच्या मंचावर २००६ मध्ये पहिल्यांदा वापरला गेला, आणि २०१० मध्ये त्यांचा झेंडा ठरला तेव्हा काळा, पांढरा आणि जांभळा यांच्याबरोबर राखाडी पट्टा ठेवला गेला तो आपल्यासारख्यांसाठीच. पुढे या नावांची अक्षरशः जत्रा भरली आहे. सगळी पाठ करू नका, मलाही येत नाहीत.

आता कांदेपोह्यांकडे येतो, कारण तुमची खरी अडचण तिथे आहे.

मी अकरा मुली 'बघितल्या'. प्रत्येक वेळी परतताना गाडीत बाबा मागे न बघता विचारायचे, "मग? पसंत?" मला तो प्रश्नच कळायचा नाही. मुलगी हुशार होती, पोह्यांवर खोबरं जास्त होतं, तिच्या काकांनी माझा पगार दोनदा विचारला, हे सगळं सांगता यायचं. पण वीस मिनिटांत 'पसंत' ठरवायला बाकीचे लोक आत जे काही वापरतात ते माझ्याकडे नव्हतंच. आठव्या-नवव्या मुलीनंतर आईला शंका आली आणि तिने मामाला मला खोदून विचारायला लावलं. मामाने टपरीवर नेलं, कटिंग सांगितला, आणि खाली बघत विचारलं, "तुला मुलगे आवडतात का रे? तसं असेल तर सांग." बिचाऱ्याने केवढं धाडस केलं होतं! मी म्हटलं, "मामा, तेही नाही." त्याने उरलेला चहा एका घोटात संपवला आणि पुन्हा विषय काढला नाही.

मग एका डॉक्टरकडेही गेलो. त्यांनी जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या आणि 'लग्न झालं की आपोआप सुरळीत होतं' असं सांगितलं. तुम्हीही हे ऐकाल. अपवाद एकच: ज्यांना आधी व्यवस्थित इच्छा व्हायची आणि काही महिन्यांत गेली, त्यांनी जरूर डॉक्टरकडे जावं. थायरॉइड, नैराश्य, नैराश्यावरच्याच काही गोळ्या, यांनी असं होतं आणि त्यावर उपाय असतात. पहिल्यापासून असंच असेल आणि त्याचा तुम्हाला स्वतःला त्रास नसेल, तर ते दुखणं नाही.

माझी ट्यूब पेटली ती शब्दशः ट्यूबमुळे. ऑफिसातली एक सहकारी, दोन वर्षांची ओळख. रोज डबा एकत्र, तिच्या आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी रात्री थांबलेलो, माझ्या बाबांच्या बायपासला ती. एकदा त्यांच्याकडे ट्यूब लुकलुकत होती. ती स्टुलावर चढून स्टार्टर फिरवत होती आणि मी स्टूल धरून उभा होतो. तिच्या मनगटावर जळमट लागलं होतं. ते बघता बघता मला काय झालं ते इथे लिहीत नाही, पण वयाच्या एकतिसाव्या वर्षी पहिल्यांदा झालं. घरी येऊन मी ताप आहे का ते बघितलं. खोटं नाही सांगत.

लग्नाआधी मी तिला सगळं सांगितलं. माझ्याकडे तेव्हा शब्द नव्हता, तरी सांगितलं: मला ही ओढ सहसा वाटत नाही, तुझ्याबद्दल वाटते, पण रोज वाटेल असं धरून चालू नकोस. ती चार दिवस गप्प होती. मग होकार.

म्हणून रविवारबद्दल माझं मत स्पष्ट आहे. त्या मुलाला पहिल्याच भेटीत 'डेमिसेक्शुअल' म्हणू नका, तो बाथरूममध्ये जाऊन गूगल करेल आणि भलतंच वाचून येईल. एवढंच म्हणा, "मला माणूस हळूहळू आवडतो. साखरपुड्याआधी पाच-सहा महिने भेटत राहू, चालेल?" जो 'एवढा वेळ कशाला' म्हणेल तो तसाही कामाचा नाही. पण तारीख ठरण्याआधी सगळं सांगाच, आणि 'नंतर बघू' करू नका. लाजेचा भाग सोडा, कायद्यालाही याच्याशी देणंघेणं आहे: समर घोष विरुद्ध जया घोष या २००७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की जोडीदाराने शारीरिक असमर्थता किंवा योग्य कारण नसताना दीर्घकाळ संबंधांना एकतर्फी नकार देणं ही मानसिक क्रूरता ठरू शकते. लग्नानंतर कोर्टात आपला आलेख समजावत बसण्यापेक्षा आधी चहाच्या टेबलावर समजावलेला बरा.

आणि सहा महिन्यांत काहीच वाटलं नाही, तर तसं सांगून मोकळं व्हा. डेमी माणसालाही प्रत्येक चांगल्या माणसाबद्दल वाटतंच असं नाही. त्या जुन्या मित्राशी बोलणं अजून होतं का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. वाटलं तर सांगा.

ता. क. बायकोने हे वाचलं. म्हणते, स्टूल नव्हतं, प्लास्टिकची खुर्ची होती, आणि तू ती नीट धरलीही नव्हतीस.