ती वही आधी परत द्या

'मुलगी बारावीनंतर ड्रॉप घेऊन नीटची तयारी करते आहे. मी तिच्यासोबत लातूरला खोली करून राहते, हे रविवारी गावाहून येतात. सासरे एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने गेले. ह्यांनी तेव्हा बेडसाठी रात्र रात्र फोन केले होते. मुलगी तेव्हापासून त्या विषाणूबद्दल वाचते, वहीत लिहून ठेवते. मागच्या महिन्यात मॉक टेस्टला मार्क घसरले, तेव्हा "हे सिलॅबसबाहेरचं बंद" म्हणून ह्यांनी वही कपाटात कुलूप लावून ठेवली. ती म्हणते, डॉक्टर व्हायचं नाही, विषाणूंवर काम करायचंय. हे म्हणतात, त्यालाही आधी एमबीबीएसच लागतं. यंदा नाही जमलं तर परत बसवावं का? वहीच्या दोन पानांचे फोटो कुलूप लागण्याआधी काढले होते, ते पाठवते.'

ताई, मॉक टेस्टचे आकडे मी वाचले आणि बाजूला ठेवले. तुमच्या पत्रात मला झोप लागू दिली नाही ती कपाटाच्या कुलपाने. एकोणीस वर्षांची मुलगी चोरून मोबाइल बघताना सापडली, म्हणून काढून घेतला, हे मी रोज ऐकते. अभ्यासाची वही कुलपात गेलेली मी पहिल्यांदाच ऐकली. तिला त्यातून काय कळलं असेल? की आपल्या घरात जिज्ञासा ही लपवायची गोष्ट आहे.

फोटो मी मोठे करून दोनदा पाहिले. मी स्वतः सूक्ष्मजीवशास्त्र शिकले आहे, म्हणून जबाबदारीने सांगते, ही टाइमपासची वही नाही. पानाच्या माथ्यावर तिचा प्रश्न आहे: 'पेशी परक्याची चिठ्ठी ओळखत का नाही?' कोरोनाच्या विषाणूकडे प्रथिनं बनवायचा स्वतःचा कारखाना नसतो. सुमारे ३० हजार अक्षरांची आरएनएची, म्हणजे त्याच्या जनुकीय सूचनांची, चिठ्ठी घेऊन तो पेशीत शिरतो. ती पेशीच्या स्वतःच्या एमआरएनएसारखीच, म्हणजे प्रथिन कसं बनवायचं हे सांगणाऱ्या तिच्या चिठ्ठीसारखीच दिसते, सुरुवातीला टोपी आणि शेवटी 'ए' अक्षरांची शेपटी. पेशीतला रायबोसोम, म्हणजे तिचा प्रथिनं बनवायचा कारखाना, ती तीन-तीन अक्षरं करत वाचतो आणि विषाणूचं प्रथिन गुंफून देतो. रायबोसोम आणि हे वाचन बारावीच्या जीवशास्त्रात आहे, नीटलाही आहे. म्हणजे ज्याला सिलॅबसबाहेरचं म्हटलं, त्याचा पाया सिलॅबसमध्येच आहे.

ती तिथून पुढे गेली आहे. विषाणूचं एनएसपी-१ नावाचं छोटं प्रथिन रायबोसोममध्ये एमआरएनए शिरायच्या वाटेवर बूच मारून बसतं. त्यामुळे पेशीची स्वतःची प्रथिनं बनणं मंदावतं. विषाणूच्या चिठ्ठ्यांच्या सुरुवातीला मात्र ठरावीक खूण असते, तिच्या जोरावर त्या वाचल्या जातात. हे तिने चित्र काढून दाखवलंय. शेजारी पेन्सिलीने लिहिलंय, 'रायबोसोम एक अक्षर मागे का घसरतो?' आणि खाली दोन रेघा. चिठ्ठीत एका जागी निसरडी अक्षरं असतात आणि पुढे आरएनएची गाठ. गाठीपाशी अडलेला रायबोसोम काही वेळा एक अक्षर मागे घसरतो, तिथून तीन-तीनची विभागणीच बदलते. न घसरला, तर जवळच 'थांबा'चा संकेत येऊन प्रथिन संपतं. घसरला, तर पुढचा भाग वाचला जातो, आणि विषाणूच्या आरएनएची नक्कल करणारं प्रथिन त्या पुढच्या भागात आहे. रायबोसोम या गाठीपाशी अडलेला असतानाची रचना झुरिकच्या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. तुमच्या मुलीने ज्याखाली दोन रेघा ओढल्यात, त्यावर जगातल्या मोठ्या प्रयोगशाळा काम करतात.

आता तिच्या बाबांचा समज, कारण तो फार घरांत आहे. विषाणूवर काम करायला डॉक्टर असावं लागत नाही. डॉक्टर रोग्याकडे पाहतो, तुमची मुलगी रेणूकडे पाहते आहे. दोन्ही कामं मोलाची, पण शिक्षण वेगळं. ज्या रायबोसोमने तिला वेड लावलंय त्याच्या रचनेसाठी २००९ चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्या तिघांना मिळालं, त्यांतले वेंकी रामकृष्णन बडोद्याला भौतिकशास्त्रात बी.एस्सी. झाले, पीएच.डी.ही भौतिकशास्त्रातच केली आणि नंतर जीवशास्त्राकडे वळले. माणसाला होणाऱ्या कोरोनाविषाणूचं चित्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली १९६० च्या दशकात पहिल्यांदा पाहणाऱ्या जून अल्मेडा यांनी तर सोळाव्या वर्षी शाळा सोडली होती. ग्लासगोच्या रुग्णालयात त्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ म्हणून लागल्या आणि तिथून पुढे गेल्या. एमबीबीएस करून संशोधनात जाणारेही आहेत, पण मनात नसताना नुसतं दार म्हणून एमबीबीएस करणं म्हणजे साडेपाच वर्षं दुसऱ्याच घरात राहणं.

वाटा तिला माहीत असतीलच: विज्ञान शिक्षण आणि संशोधनाच्या आयसर या केंद्रीय संस्थांची प्रवेशपरीक्षा आयएटी, तशाच भुवनेश्वरच्या नायसरसाठी नेस्ट, नाहीतर चांगल्या कॉलेजात बी.एस्सी. आणि पुढे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतलं विषाणूशास्त्राचं एम.एस्सी. बारावी कोणत्या वर्षी झाली याच्या अटी असतात, ड्रॉपवाल्यांनी त्या आधी वाचाव्यात.

तिलाही एक गोष्ट स्पष्ट सांगते. वाचण्याची गोडी आणि संशोधन एक नाही. पदवी, एम.एस्सी., पीएच.डी. धरून दहा-अकरा वर्षं जातात. फेलोशिपवर घर चालत नाही, कायमच्या जागा थोड्या असतात. प्रयोग सहा महिने फसत राहतो आणि कारण सापडत नाही. हे ऐकूनही तिला जायचं असेल तर जाऊ द्या. विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, पुण्यातल्या अनेक संस्था लोकांसाठी खुल्या असतात. तिला घेऊन जा, आणि बाबांनाही न्या.

यंदाची नीट तिला शांतपणे देऊ द्या, तयारी झालीच आहे. तिसऱ्यांदा बसवू नका. तिला स्वतःला बसायचं असतं तर माझं उत्तर वेगळं असतं.

बाबांवर मी पत्र वाचताना रागावले होते. मग बेडसाठी केलेले फोन पुन्हा वाचले. त्या एप्रिलमध्ये ज्याने वडील गमावले, त्याला घरात एक डॉक्टर हवा वाटणारच. पण ताई, आजोबा तिचेही होते. बाबांना वाटतं, डॉक्टर असता तर वाचले असते. तिला जाणून घ्यायचंय की त्यांच्या पेशींमध्ये नक्की काय चाललं होतं. दोघांच्या मनात तोच माणूस आहे, आणि माझ्या अंदाजाने या दोघांनी त्यांच्याबद्दल एकमेकांशी नीट बोलणं अजून झालेलं नाही. रविवारी हे आले की तेवढं घडवून आणा. मार्कांचा विषय त्या दिवशी नको.

आणि वही बाबांनी स्वतःच्या हाताने परत द्यावी. दुसऱ्या पानावर एक चूक आहे, ती तिला दाखवा. रायबोसोमने विणलेलं लांबलचक प्रथिन कापणारी कात्री तिने पेशीची दाखवली आहे. तशी फ्युरिन नावाची पेशीची कात्री असते, पण ती विषाणूच्या अंगावरच्या काट्यांचं प्रथिन कापते, बहुधा तिथे गल्लत झाली. हे लांब प्रथिन कापणाऱ्या दोन्ही कात्र्या विषाणूच्या स्वतःच्या आहेत, त्या त्याच प्रथिनातून निघतात. डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळालेलं निरमाट्रेलविर हे औषध त्यांतली मुख्य कात्री अडवतं. औषधासाठी रायबोसोम सोडून ही कात्रीच का निवडली असेल, हे तिला विचारा. उत्तर तिने तिच्याच शब्दांत लिहून पाठवलं तर मला वाचायला आवडेल.